बाभळींना कापूस लागतो तेव्हा

जानेवारीत आमच्याकडच्या बाभळींना कापूस लागतो. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी माझ्याकडे पाहतो आणि मग माझ्या वयाचा हिशेब मनात धरून गप्प बसतो. पण खरं आहे ते. शेतातून जिनाकडे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याकडे, निघालेल्या गाड्या सडकेच्या कडेने जातात, खाली झुकलेल्या फांद्या वरचा कापूस ओरबाडतात, आणि मैल-मैलभर काट्याकाट्यावर पांढरे पुंजके लटकत राहतात. पूर्वी बैलगाड्या असत, आता ट्रक असतात. बाभळी मात्र त्याच आहेत आणि त्यांची हावही तीच आहे.

परवा नाचणगावच्या आमच्या घरी नात आली. सई तिचं नाव. तिला एका दिवसात दोनशे किलोमीटर सायकल चालवायची आहे, त्याच्या सरावासाठी ती आलेली. तिची सायकल मी एका बोटावर उचलली. मग तिने मला एक कार्ड दाखवलं. वाटेत ठरलेल्या ठिकाणी थांबायचं आणि त्यावर शिक्का घ्यायचा. एखादा शिक्का राहिला तर कितीही सायकल हाणा, कोणी धरत नाही. मी हसायला लागलो.

"आजोबा, यात हसण्यासारखं काय आहे?"

"आमचे शिक्के गळ्यात असायचे," मी म्हणालो.

आतून इंदूचा, म्हणजे माझ्या बायकोचा आवाज आला. "नका काढू जी ते पुराण. पोरगी उपाशी राहीन आयकता आयकता."

पण खिडकीबाहेरच्या बाभळीवर कापूस लटकत होता. अशा वेळी मला गप्प बसवणं इंदूला साठ वर्षांत जमलेलं नाही.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो, आणि आमच्या भागात गावोगाव सूतकताईची केंद्रं होती. त्या केंद्रांवर देखरेख करणारे एक गुरुजी होते. चालता-बोलता त्यांच्या हातात तकली फिरत असे, म्हणून सगळे त्यांना तकलीगुरुजीच म्हणत. बोलणं शुद्ध, चष्मा जाड आणि बोटं अशी की डोळे मिटून सूत चाचपलं तरी ते कुठल्या केंद्रावरचं हे सांगत. या गुरुजींच्या डोक्यातून ती सायकलची फेरी निघाली. पहाटे कोंबडं आरवायच्या आधी नाचणगावहून निघायचं. देवळी, मग वर्ध्याजवळची नालवाडी, तिथून आर्वी, आर्वीहून आष्टी, आणि आष्टीहून पुन्हा आर्वीवरून घरी. शंभरावर मैल. चार केंद्रांवर सुताच्या चार गुंड्या, म्हणजे लड्या, गळ्यात घालून घ्यायच्या, म्हणजे तुम्ही तिथे जाऊन आलात याची साक्ष. आणि सूर्य बुडायच्या आत त्या चारही गुंड्यांसकट शाळेच्या ओट्यासमोर उभं राहायचं. पहिला कोण आला याला गुरुजींच्या लेखी फारशी किंमत नव्हती. पूर्ण कोणी केली, एवढंच ते विचारत.

पहिल्या वर्षी मी पूर्ण केली नाही. नुसती केली नाही असं नाही, तर अख्ख्या तालुक्याला वर्षभर पुरेल एवढं हसं करून घेतलं.

त्याला कारण हुरडा. जानेवारीत आमच्या सडकांवरून जाणं म्हणजे परीक्षाच असते. दर दोन शेतांआड आगटी पेटलेली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची कोवळी कणसं भाजत असलेली आणि तो गोड, धुरकट वास थेट सडकेवर आलेला. त्यातून मी मास्तर. शेतातून हाक आलीच. "काऊन जी मास्तर, आमच्या धुऱ्यावरून उपाशी जाता काय?" आमच्याकडे हाकेला नाही म्हणायची रीत नाही. आष्टीहून परतताना तीन गुंड्यांच्या जोडीला चौथी गळ्यात पडली होती, वेळ हाताशी होता, म्हटलं एक मूठ खाऊ. एकाची मूठ खाल्ली तर शेजारच्याचं मन कसं मोडावं? तिसऱ्या शेतात हुरड्यावर दही आलं, चौथ्यात गूळ आणि तिळाची चटणी. वर तांब्याभर पाणी. आर्वी ओलांडली आणि माझं पोट नगाऱ्यासारखं तटतटलं. पायडल मारू म्हटलं तर गुडघा पोटाला लागेना, पोटच गुडघ्याला लागायचं.

शेवटी सुकरूची गाडी आली. सुकरू हा आमच्याच बाजूचा गोंड गाडीवान, बैलांशी गोंडीत बोलायचा आणि माणसांशी आमच्या बोलीत. त्याने मला कापसावर टाकलं, सायकल माझ्यावर टाकली आणि गाडी हाकली. त्या ऊबदार कापसात मला इतकी गाढ झोप लागली की शाळेसमोर गाडी थांबल्याचंही कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा भोवती सगळं गाव उभं होतं. माझ्या गळ्यात चार गुंड्या होत्या आणि मिशीला दही होतं.

तेव्हापासून माझं नाव कापूसगाडी. शाळेतली पोरं फळ्यावर गाडीचं चित्र काढून पळायची. वैशाखात माझं लग्न झालं, तर मित्रांनी वरातीला कापसाची गाडी सजवून आणली. सासुरवाडी नेमकी आष्टीची. तिथल्या बायकांनी उखाण्यातसुद्धा गाडी घातली. मी हसत होतो, पण आतून लाज वाटत होती. हे नाव पुसायचं तर एकच वाट होती. पुढच्या जानेवारीत स्वतःच्या सायकलवर, उजेडी, शाळेसमोर येऊन उभं राहायचं.

दिवाळीपासून मी तयारीला लागलो. ते दिवस आठवले की अजून अंगात ऊब येते. पहाटे उठून देवळीपर्यंत जाऊन यायचं आणि मग शाळा गाठायची. धुकं इतकं की पुढचं चाक दिसत नसे, नुसता साखळीचा आवाज सोबतीला. तुरीच्या शेतांवरून थंड, हिरवा वास यायचा. हाताची बोटं आखडून जायची, कान दुखायचे, आणि तरी देवळीच्या अलीकडे सूर्य वर आला की उगीचच मोठ्याने ओरडावंसं वाटायचं. मी ओरडायचोही. देवळीच्या बाजूची कुत्री मला ओळखू लागली होती. सायकल काळी, जुनी, दोन मालकांच्या हाताखालून आलेली. रोज संध्याकाळी ती अंगणात उलटी करून मी आऱ्या ताणायचो, छऱ्यांना वंगण द्यायचो. आई जवसाचं तेल कोमट करून द्यायची आणि म्हणायची, "सायकलीचे पाय चोयून झाले असन तं सोताचे बी चोय."

त्याच अंगणात इंदू चरख्यावर बसायची. तिची वेगळीच लढाई चालू होती. ती सूत काढायची, केंद्रावर पाठवायची आणि ते परत यायचं. तकलीगुरुजी धागा दोन बोटांत धरून चष्म्यावरून पाहत आणि म्हणत, "पीळ फार आहे. याचं कापड विणलं तर पायपुसणं होईल." तीनदा सूत पाठवलं, तीनदा परत. परत आलेल्या गुंड्या ती एका पत्र्याच्या पेटीत ठेवायची आणि झाकण जरा जोरातच लावायची. मी विचारलं, "इतका पीळ देतेस काऊन?" तर म्हणाली, "माह्या आज्यानं लहानपणापासून मले ढोराचे दावे वळाले शिकवलं. हाताले तेच माहीत. ढिलं सोडाले गेली का बैल सुटन असं वाटते."

मी हसलो. तिने हातातला पेळू खाली ठेवला. "हसा. तुमी बी तं गाडीतून सुटून नाई राह्यले अजून."

आमच्या घरात असे दोन परत आलेले जीव त्या हिवाळ्यात समोरासमोर बसून खपत होते. आई दोघांनाही सारखीच भाकर वाढायची.

संक्रांत आली. लग्नानंतरची पहिली, म्हणून इंदू माहेरी आष्टीला गेली. जाताना मी तिला गाडीपर्यंत पोचवायला गेलो, तर गाडीवानाने मलाच विचारलं, "मास्तर, तुमी बी येता का? कापूस नाई आज, पण बसा." फेरी पुढच्या रविवारी होती.

त्या रविवारी आम्ही दहा-बाराजण निघालो. पुलगावच्या गिरणीतला एक सडपातळ कामगार होता, तो पहिल्या मैलातच दिसेनासा झाला आणि मग थेट शाळेच्या ओट्यावरच सापडला. मी त्याच्या नादाला लागलो नाही. देवळीची गुंडी घेतली. नालवाडीची घेतली, ती इतकी तलम की गळ्यात घातल्याचं कळलंही नाही. आर्वीची सडक लांबच लांब, मुरमाची. हाका येत होत्या. "मास्तर, हुरडा!" दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, मी तर ताकाकडे पाहतही नव्हतो. समोर मान ठेवून ओरडायचो, "येतो, येतो, पुढच्या आठवड्यात येतो!" खिशात आईने दिलेले तिळगूळ होते, तेवढ्यावर चाललो होतो. एका म्हाताऱ्याने मागून आवाज दिला, "आला रे आला, कापूसगाडी आज रिकामीच चालली!" आणि शेतभर हशा पिकला. गंमत म्हणजे मलाही हसू आलं. पाय चांगले चालत असले की माणसाला सगळं सोसतं.

आष्टीकडे संत्र्याच्या बागा लागतात. दुपारच्या उन्हात त्या हिरव्यागार झाडांतून केशरी फळं दिसली आणि मला सासुरवाडी जवळ आल्याचं कळलं. वेशीतच माणसं जमलेली. आष्टीचं केंद्र माझे सासरे सांभाळत, म्हणून गुंडी तेच घालणार होते. मी मान वाकवून उभा राहिलो, घामाने डोळे चुरचुरत होते, आणि गुंडी काही गळ्यात पडेना. वर पाहिलं तर सासरे बाजूला झाले होते आणि समोर काळ्या चंद्रकळेत इंदू उभी होती. तिच्या बापाने तिला पाठीवर हात ठेवून पुढे ढकललं होतं.

"घाल व पोरी, संक्रांतीपासून तूच काढलं, तुह्यंच सूत हाये."

चारचौघांत नवऱ्याच्या गळ्यात काही घालायचं म्हणजे तेव्हा केवढी गोष्ट! तिने ती जाड, करकरीत गुंडी माझ्या गळ्यात टाकली आणि बायकांनी एकच गिल्ला केला. "दुसऱ्यांदा लगीन लागलं वो! अक्षता आना!" कोणी तरी खरंच मूठभर ज्वारी फेकली. त्या गोंधळात इंदू खाली पाहत, फक्त मला ऐकू येईल असं बोलली.

"घरी गाडीत बसून नका जाऊ जी."

मी मान हलवली आणि सायकलवर टांग मारली. 

परतीला आर्वी ओलांडली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, पण वेळ होता. मी खुशीत होतो, चक्क गात होतो. आर्वीच्या पुढे चार-पाच मैलांवर जिनाकडे चाललेल्या गाड्यांची रांग लागली, त्यांना वळसा घालताना मागच्या चाकाखाली खळ्ळ झालं आणि सायकल बसली. बैलाच्या पायातून निसटलेली नाल मुरमात उभी रुतली होती. तिने टायर कडेने बोटभर चिरलं होतं. ट्यूबला भोक पडलेलं, ते ठिगळ लावून बुजवता आलं असतं. पण चिरलेल्या टायरातून हवा भरलेली ट्यूब फुग्यासारखी बाहेर यायची. घर अजून सतरा-अठरा मैल. मी चिरेकडे पाहत सडकेवर बसून राहिलो.

रांगेतली एक गाडी थांबली. वरून ओळखीचा आवाज आला.

"मास्तर? याही वर्षी काय?"

सुकरूच होता. तो खाली उतरला, नाल उचलून पाहिली आणि म्हणाला, "माह्याच बैलाची असन, बाप्पा." मग गाडीतला कापूस हाताने थापटून सपाट केला. "चाला. टाका सायकल वरतं. मी कोनाले सांगत नाई. गावाच्या अलीकडं उतरवून देतो."

कापूस पांढरा, मऊ आणि ऊबदार होता.  खोटं कशाला बोलू, मी सायकल उचलली होती. उचलताना गळ्यातली जाड गुंडी हनुवटीला घासली.

सायकल परत खाली ठेवली आणि ट्यूबला ठिगळ लावलं. डोक्यावरची टोपी काढली, घडी केली, टायरच्या आत, चिरेच्या मागे बसवली आणि हवा भरली. चाकावर बांधलेलं अडू नये म्हणून मागचा ब्रेक सोडवून खिशात टाकला. मग गळ्यातली नालवाडीची गुंडी काढून टायरवरून, रिंगेवरून, आऱ्यांमधून गरागरा गुंडाळू लागलो. सुकरू माझ्याकडे पाहत राहिला, मग त्याने गाडीखालची पाण्याची मडकी सोडली. "कोरडं नका बांधू. सूत भिजलं का जोर धरते," तो म्हणाला, आणि स्वतः पाणी ओतत बसला. त्याचे बैल रवंथ करत उभे होते, मागच्या गाड्या ओरडत होत्या. त्याने गोंडीत त्यांना काहीतरी सुनावलं.

चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला त्या गाठोड्याचा धप्प आवाज यायचा. धप्प, धप्प. नालवाडीचं ते देखणं सूत दोन मैलांत झिजून तुटलं. त्याच्यावर देवळीचं बांधलं, ते तीन मैल चाललं. मग आर्वीचं. इंदूची गुंडी मी गळ्यातच ठेवली होती. निदान ती तरी मिरवत न्यावी, एवढीच इच्छा होती. पण आर्वीचंही सुटलं, सूर्य हातभर वर राहिला, आणि दहा-अकरा मैल बाकी होते. ओढ्याच्या पाण्यात ती गुंडी बुडवली. बांधताना माझी बोटं कापली, इतका तिला पीळ होता. आणि मग सायकलवर बसलो ते पुढे पाहिलंच नाही, खाली कान देऊन चालवत राहिलो. धप्प, धप्प, धप्प. तो आवाज थांबला नाही. कुठलं गाणं मला इतकं गोड लागलं नाही.

शाळेसमोर पोचलो तेव्हा सूर्य चिंचेच्या फांद्यांत होता. गाव ओरडलं. आणि मग हळूहळू गप्प झालं. कारण मी सायकलवर होतो खरा, पण डोक्यावर टोपी नव्हती आणि गळ्यात काही नव्हतं.

तकलीगुरुजी ओट्यावरून उतरले. "गुंड्या कुठे आहेत?"

मी चाकाकडे बोट दाखवलं.

गुरुजी धोतर सावरून मातीत बसले. चष्मा कपाळावर सरकवला, डोळे मिटले आणि ते चिखलाचं गाठोडं दोन्ही हातांनी चाचपू लागले. नखाने खालचे तुटके तुकडे एकेक उचकटत गेले. "ही देवळी," ते म्हणाले. "हे आर्वीचं. ही नालवाडी, बिचारी." मग वरच्या जाड सुताशी त्यांची बोटं थांबली. त्यांनी धागा ताणून पाहिला. पुन्हा ताणला. "आष्टी," ते म्हणाले, आणि डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "हा पीळ मी तीनदा परत केला आहे."



"चार," गुरुजी उठत म्हणाले. "फेरी पूर्ण." मग दिवसभर वाट पाहताना तकलीवर काढलेली स्वतःच्या हातची गुंडी त्यांनी माझ्या गळ्यात घातली. तिच्यापुढे नालवाडीचं सूतही भरडं वाटावं. "आणि घरात सांगा," ते हळूच म्हणाले, "माझी परीक्षा विणण्याची होती. चालण्याची मी घेतलीच नव्हती."

त्या रात्री मला झोप चांगली लागली, पण पुरेशी नाही. एक गोष्ट मनाला टोचत होती. गुरुजींची गुंडी माझ्याकडे होती, आणि ती माझी नव्हती.

सकाळी रजेचा अर्ज शाळेत दिला. टायर नवीन नव्हतं, ते वर्ध्याहून मागवायचं म्हणजे चार दिवस. आईने पाहिलं, आत गेली आणि इंदूची पत्र्याची पेटी आणून माझ्यापुढे ठेवली. परत आलेल्या साऱ्या गुंड्या. निम्म्या भिजवून चाकाला बांधल्या, निम्म्या पिशवीत घेतल्या. गावातून निघालो तर हाक आली, "मास्तर, आता कुठं?" म्हटलं, "सासुरवाडीले!" पाय लाकडासारखे झाले होते. तरी त्या दिवसाइतकी हलकी सायकल मी जन्मात चालवली नाही. सईची ती बोटावर उचलता येणारी सायकलही तिच्यापुढे जडच म्हणायची.

आष्टीच्या अंगणात पोचलो तेव्हा इंदू धान्य पाखडत होती. मी गुरुजींची गुंडी काढली आणि तिच्या गळ्यात घातली. ती सुताला बोट लावून पाहत राहिली. कोणाच्या हातचं सूत हे तिला सांगावं लागलं नाही. मी गुरुजींचा निरोप सांगितला, तशी ती हसली आणि लगेच पदराने डोळे पुसायला लागली.

दोन दिवस सासऱ्यांनी मला ठेवून घेतलं आणि हुरडा खाऊ घातला, वर्षभराचा. निघायच्या दिवशी त्यांनी दारात गाडी जुंपून ठेवली होती. लेक सासरी जाणार, ती गाडीनेच जाणार. गवताची गादी, वर सतरंजी, सगळं तयार. इंदू आईच्या पाया पडली, बापाच्या पाया पडली, गाडीपाशी आली आणि तिथून सरळ पुढे होऊन माझ्या सायकलच्या कॅरियरवर बसली.

सासरे घाबरले. "अवं पोरी, चाक सुतानं बांधलं हाये. दोघायचा भार कसा पेलन ते?"

इंदूने पदर खोचला आणि खाली वाकून चाकावरचा पीळ एकदा अंगठ्याने दाबून पाहिला.

"सूत माह्यं हाये, बाबा," ती म्हणाली. "आन् आमच्या घरी गाडीत बसून कोनी येत नाई."